हवाईयन गिटार: 'तिरपा', 'बेल', 'गप्प' म्हणजे नक्की काय?

शनिवारपेठी

नमस्कार मंडळी. धाकट्या काकांची हवाईयन गिटार माझ्याकडे आली आहे. साधीच लाकडी गिटार, पण नटावर (दांडीच्या टोकाला तारा टेकतात तिथे) पत्र्याची उंच पट्टी चढवून तारा वर उचललेल्या. सोबत एक स्टीलचा बार, तीन नख्या आणि वहीभर हिंदी-मराठी गाणी सारेगममध्ये लिहिलेली. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच: "प सा प सा ग प, पां. ५". पुढे गाण्यांच्या कडेला पेन्सिलीने शेरे आहेत: "तिरपा", "बेल", "गप्प", "इस्त्री नको", आणि दोन ठिकाणी "उ. ना."

काकांना फोन केला तर म्हणाले, "वाजवून बघ, कळेल." घ्या.

यूट्यूबवर गेलो तर तिथे वेगळीच भाषा. पाम ब्लॉकिंग, रिव्हर्स स्लँट, चाइम्स, ग्रिप, बू-वा. ही भाषा आणि काकांची भाषा यांची गाठ घालून देणारं कोणी आहे का इथे? मला पेटी जेमतेम येते, गिटार अजिबात नाही.

कोथरूडी_बंड्या

स्लाइड गिटार म्हणतात तीच ना? बोटात काचेची नळी घालून वाजवतात ती? माझ्या रूममेटकडे होती.

अण्णा_बारवाले

(नाव वाचून गैरसमज नको. बार म्हणजे मांडीवरच्या गिटारीवर फिरवायचा तो.)

बंड्या, ती निराळी. ती नळी बोटात घालून गिटार नेहमीसारखी उभी धरतात आणि बाकीची बोटं पडद्यांवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) दाबायला मोकळी असतात. आपली आडवी, मांडीवर. जाड तार पोटाकडे, बारीक तार पलीकडे. तार पडद्यावर दाबायचीच नाही, बार नुसता टेकवायचा. पडदे फक्त खुणेला. आणि बार पडद्याच्या मागे नाही, बरोबर पडद्याच्या रेषेवर. बोटाने गिटार वाजवलेली माणसं इथे हमखास कणसूर होतात.

हे वाद्य हवाई बेटांवरचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. जोसेफ केकुकू या पोराला त्याचं श्रेय देतात. त्याला रेल्वेच्या रुळांजवळ बोल्ट सापडला वगैरे गोष्ट सांगतात, ती ऐकायला छान आहे. आपल्याकडे ते रुजलं मुख्यतः कलकत्त्यात. ताऊ मो हे हवाईयन कलाकार १९४०च्या दशकात तिथे राहिले, शिकवलं. मग सिनेमात आलं, हजारा सिंग, व्हॅन शिपली वगैरे वादक. आमच्या पुण्यातल्या ऑर्केस्ट्रांत ते तिथून आलं, रेकॉर्ड ऐकून ऐकून. त्यामुळे आमचे शब्द कोणी पुस्तकातून घेतले नाहीत. काकांचे शेरे वाचून बरं वाटलं, आम्हीही हेच म्हणायचो.

आता वही. "प सा प सा ग प, पां. ५" म्हणजे सा पेटीच्या पांढरी पाचला, जाड तारेकडून बारीक तारेकडे हे स्वर. इंग्रजीत डी जी डी जी बी डी. काकांनी शहाणपणा केलाय. पुष्कळजण पुस्तकात वाचून हाच साचा पांढरी सहाला लावतात, त्यात मधल्या तीन तारा नेहमीपेक्षा पूर्ण स्वराने चढतात. मांडीवरच्या गिटारीसाठी चौकोनी दांडीची खास वाद्यं असतात, त्यांना ते झेपतं. तुमच्यासारख्या साध्या गोल दांडीच्या जुन्या गिटारीला ताण नको. पांढरी पाचमध्ये एकही तार वर चढत नाही, तीन आहेत तिथेच राहतात आणि तीन उतरतात. आणि "हाय बास" असं कुठे दिसलं तर लांब राहा. त्यात जाडीकडून सा ग प सा ग प असतं, पांढरी सहाला लावलं तर सहावी तार पाच अर्धस्वर वर. तार तुटेल नाहीतर घोडी (ब्रिज) उखडेल.

बाकीचं संध्याकाळी टंकतो.

मृण्मयी_सतार

वाचतेय. अण्णा, "गप्प" आधी सांगा ना. सतारीला असा काही प्रकार नाही, म्हणून उत्सुकता.

अण्णा_बारवाले

मृण्मयीताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. नवशिक्याचं सगळं लक्ष डाव्या हातावर असतं, बार कसा फिरतोय. खरं वाद्य उजव्या हातात आहे.

सतारीला मींड कमवावी लागते, तार ओढून, बोटं कापून. आम्हाला ती न मागता मिळते. बार टेकवला, हलवला की मींड. म्हणून आम्हाला ती नाकारायला शिकावं लागतं. सा वाजवून रे वाजवायचा तर मधला सगळा रस्ता ऐकू येतो. प्रत्येक दोन स्वरांमध्ये तो रस्ता ऐकू आला की त्याला आमचे सर म्हणायचे, "इस्त्री फिरवतोय." काकांचा "इस्त्री नको" तोच.

उपाय "गप्प". सा वाजला की उजव्या तळव्याची कड, करंगळीच्या बाजूची, तारांवर टेकवायची. आवाज बंद. त्या बंद क्षणात बार रे वर न्यायचा, मग तळवा उचलून रे छेडायचा. यालाच ते पाम ब्लॉकिंग म्हणतात. दुसरा प्रकार पिक ब्लॉकिंग: तळवा नाही, ज्या नखीने तार छेडली तीच नखी परत तारेवर आणून ठेवायची. जलद लयीत हा बरा, पण आवाज जरा कोरडा येतो आणि हात बसायला फार वेळ जातो. मी आयुष्यभर तळवाच वापरला.

डाव्या हाताचंही एक गप्प असतं, ते कोणी सांगत नाही. बारच्या मागे, म्हणजे नटाच्या बाजूला, तारेचा जो तुकडा उरतो तोही थरथरतो आणि भुताटकीसारखा वेगळाच सूर देतो. म्हणून मधलं बोट, अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकेच लोळत ठेवायची. बार पुढे गेला की तीही मागून येतात. आरशात बघा: बोटं हवेत उभी दिसली तर काम चुकतंय.

पहिला महिना एकच धडा. एका तारेवर भूपाचे पाच स्वर, सा रे ग प ध, तबल्याच्या ॲपवर ६०ची लय, प्रत्येक स्वर गप्प करून. कंटाळवाणं आहे. करा.

टिळकरोडकर

क्षमस्व, पण एक मूलभूत प्रश्न. आपल्याकडे विचित्र वीणा असताना, दक्षिणेत गोट्टुवाद्यम असताना, हे परदेशी वाद्य मांडीवर घेऊन भूप वाजवण्याचा अट्टाहास कशासाठी?

कोथरूडी_बंड्या

आला आला, धाग्याचं काश्मीर करणारा, न संपणारा वाद घालणारा आला.

मृण्मयी_सतार

टिळकरोडकर, व्हायोलिन कुठलं? आणि पेटी? पेटीला तर रेडिओवर १९४० ते १९७१ बंदी होती, तरी भजनी मंडळांनी तिला सोडलं का? वाद्याचा जन्मदाखला बघून सूर लागत नाही.

आणि तुम्ही काढलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरवतात, गोट्टुवाद्यमवर लाकडाचा. तंत्र तेच आहे. म्हणून तर ब्रिजभूषण काब्रांना या गिटारीवर राग मांडावासा वाटला. अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेला माणूस. १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका, संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसादांची आणि गिटार काब्रांची. त्यानंतर विश्वमोहन भट्टांनी तरफा (न छेडता घुमणाऱ्या तारा) वगैरे चढवून मोहन वीणा केली, १९९४मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. देबाशिष भट्टाचार्यांची चतुरंगी २४ तारांची आहे. हे सगळं अट्टाहासात बसतं का?

टिळकरोडकर

काब्रा ऐकलेत. ते मान्य. लग्नाच्या वाद्यवृंदातली गिटार अजूनही मान्य नाही.

अण्णा_बारवाले

लग्नाच्या वाद्यवृंदाने माझं घर चालवलं, तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू :)

लेथमास्तर

बारबद्दल लिहितो, कारण तेवढंच कळतं. भोसरीत आपलं छोटं वर्कशॉप आहे. मध्यंतरी एका गिटारवाल्याने येऊन बार करून मागितला. बाजारात मिळाला तो पोकळ होता, आवाज पत्र्यासारखा येतो म्हणे.

आपण ३०४ ग्रेडचा स्टेनलेसचा भरीव रॉड घेतला. १९ मिमी व्यास, ७५ मिमी लांबी, वजन साधारण १७० ग्रॅम भरतं. एक टोक अर्धगोल केलं, त्याला बुलेट बार म्हणतात असं त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या टोकाला अंगठा बसेल असा खळगा. खरी मेहनत पॉलिशला. लेथवरून उतरलेल्या रॉडवर गोल गोल रेघा असतात, डोळ्याला दिसत नाहीत पण नखाला लागतात. सरळ घसरवताना त्रास नाही, कारण रेघ आणि तार एकाच दिशेला. पण बार तिरपा केला की तार रेघांवर आडवी घासते आणि खर्रर्र. म्हणून ४००, ८००, १२०० असा पॉलिश पेपर आणि शेवटी बफ. तोंड दिसलं पाहिजे त्यात.

शनिवारपेठी, काकांच्या बारला गंज असेल तर घासत बसू नका, नवा करून घ्या.

शनिवारपेठी

लेथमास्तर, गंज नाही, पण एका बाजूला खाच पडली आहे. फिरवून दुसऱ्या बाजूने वाजवतोय. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो.

अण्णा, भूप चालू आहे. घरच्यांनी दार लावून घ्यायला सांगितलंय. "तिरपा" आणि "बेल" राहिलं.

अण्णा_बारवाले

बेल सोपी. तिकडचे चाइम्स. समजा बार पाचव्या पडद्यावर आहे. तिथून बारा पडदे पुढे, म्हणजे सतराव्या पडद्याच्या जागी, उजव्या तळव्याची कड तारेला नुसती स्पर्श करायची, त्याच हाताच्या अंगठ्याने छेडायचं आणि तळवा लगेच उचलायचा. वरच्या सप्तकातला स्वर घंटेसारखा निघतो. ती जागा म्हणजे बार आणि घोडी यांचा बरोबर मध्य. बार हलला की मध्यही हलतो, म्हणून उजव्या हाताने सोबत चालायचं. बेल वाजल्यावर बार हलवला तर बेलचीच मींड निघते. पब्लिक टाळ्या वाजवतं. एका गाण्यात एकदाच करायची.

तिरपा म्हणजे स्लँट. एका वेळी दोन तारा वाजवून जोडस्वर काढायचे तेव्हा लागतो. तुमच्या जुळणीत दुसरी तार ग, पहिली तार प. बाराव्या पडद्यावर बार सरळ ठेवला की ग-प. आता पुढची जोडी म-ध. ग ते म एक अर्धस्वर, प ते ध दोन. म्हणजे दुसरी तार तेराव्या पडद्यावर आणि पहिली चौदाव्यावर हवी. सरळ बारने कसं होणार? बारचं गोल टोक, आम्ही त्याला नाक म्हणतो, घोडीकडे वळवायचं. सुरुवात वरच्या पडद्यांवरच करा. बाराव्यापाशी पडद्यांमधलं अंतर नटापाशी असतं त्याच्या निम्मं असतं, बार थोडाच वळवावा लागतो. खाली पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर हाच तिरपा करायला गेलात तर मनगट बोलेल.

बाकीचे शब्द पटापट. ग्रिप म्हणजे एका वेळी कुठल्या तारा कुठल्या नखीने धरायच्या ती जोडी. बू-वा फक्त इलेक्ट्रिकला: छेडता छेडता करंगळीने टोनचं बटण फिरवायचं, गिटार "बूऽवा" बोलते. आम्ही नुसतं "वा मारणे" म्हणायचो. व्हॉल्यूमचं बटण शून्यावर ठेवून छेडलं आणि मग उघडलं की व्हायोलिनसारखा सूर उगवतो, विरहगीतात तेच. काकांची लाकडी आहे, ते सोडून द्या.

डॅलसकर

मूळचा सहकारनगरचा. इथे रविवारी एका कंट्री बँडसोबत पेडल स्टील वाजवतो, म्हणून थोडी भर.

पेडल स्टील म्हणजे हीच गिटार पायांवर उभी केलेली, दहा तारा, खाली पेडल, गुडघ्याला दांडे. १९५४च्या सुमारास बड आयझॅक्स या वादकाच्या पेडलमुळे नॅशव्हिलचा, म्हणजे कंट्री संगीताचा, आवाज बदलला. सारेगममध्ये सांगायचं तर सा-ग-प वाजवून दोन पेडल दाबली की सा जागेवर राहतो, ग चा म होतो आणि प चा ध. बार हलतही नाही. अण्णांनी तिरप्याने जे केलं ते इथे पाय करतो. इथले वादक "मॅश द पेडल्स" म्हणतात, म्हणजे दाब रे पायाखाली.

एक मजेशीर शब्द "कॅबिनेट ड्रॉप". पेडलने दोन-तीन तारा ताणल्या की वाद्याची चौकट किंचित वाकते आणि न दाबलेल्या ताराही केसभर उतरतात. इथे वादक त्यावर तासन् तास भांडतात. पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल.

जाता जाता, ग ची तार ट्यूनरच्या काट्यावर बरोबर मध्ये लावू नका. ट्यूनरचा ग हा पेटीचा ग. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्याहून साधारण १४ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) खाली असतो. पेडल स्टीलवालेही गंधार खालीच लावतात, त्यांनी तानपुरा ऐकलेला नसतो तरी.

मृण्मयी_सतार

डॅलसकर, +१. हे वाचून आनंद झाला.

अण्णा, एक विचारते. स्थिर स्वरावर बार थरथरवतात ना, व्हायब्रॅटो, तो मला खटकतो. प्रत्येक लांब स्वर थरथरलाच पाहिजे का?

अण्णा_बारवाले

नाही. मुळीच नाही. हवाईची गाणी, तिकडची शैली, तिथे तो हवाच. रुंद, सावकाश, त्यानेच त्या गाण्याला समुद्राची झुळूक लागते. तिकडे त्या गोड आवाजाला नाहेनाहे म्हणतात. सिनेमाच्या गाण्यातही चालतो. पण राग वाजवायला बसलात तर सा आणि प हलता कामा नयेत. दरबारीचा कोमल गंधार मात्र या वाद्यावर ऐका. आंदोलनाला, म्हणजे स्वर सावकाश झुलवायला, इतकं सोयीचं दुसरं वाद्य मला माहीत नाही. बार हलवायचा तो मनगटाने नाही, कोपरापासून सगळा हात, आणि स्वराच्या खालून सावकाश वर. नव्वद टक्के लोक बोटांनी थरथरवतात आणि स्वराच्या वरच्या बाजूला जातात. ते ऐकवत नाही.

शनिवारपेठी

सगळं वहीत उतरवून घेतोय, काकांच्याच, मागच्या पानांवर.

आता "उ. ना." अण्णा, मला वाटलं "उचलू नाही". दोन्ही ठिकाणी बार न उचलता वाजवून बघितलं, गाणं जुळत नाही. एका ठिकाणी हा शेरा "रे-म" अशा जोडीवर आहे, खाली "३, २" लिहिलंय. दुसऱ्या ठिकाणीही रे-मच.

मृण्मयी_सतार

उलटी नखी? सतारीला उलटा बोल असतो तसं काही?

अण्णा_बारवाले

नखी नाही. "३, २" म्हणजे तिसरी आणि दुसरी तार. तिसरी सा, दुसरी ग. सा चा रे करायला दोन पडदे, ग चा म करायला एक. म्हणजे जाड तार पुढच्या पडद्यावर आणि बारीक तार मागच्या. मघाच्या तिरप्याच्या बरोबर विरुद्ध. उलटं नाक!

यूट्यूबवाल्यांचा रिव्हर्स स्लँट तो हाच. शब्द मीही विसरलो होतो, काकांनी आठवण करून दिली. करायचा असा: बारचं नाक नटाकडे वळवायचं, आणि मागच्या खळग्यात अंगठा लावून ते टोक घोडीकडे ढकलायचं. नुसत्या मनगटाने होत नाही, अंगठा लागतोच. चौदाव्या आणि तेराव्या पडद्यावर करा, खाली नको. आधी तारा न छेडता बार नुसता ठेवून बघा, दोन्ही टोकं आपापल्या पडद्याच्या रेषेवर आली का. मग छेडा.

लेथमास्तर

म्हणजे खळगा खोल हवा. शनिवारपेठी, नव्या बारला दीड मिमी जास्त घेतो. मंगळवारी या, बुधवारी आमच्याकडे लाइट नसते.